इम्प्लांट आणि जुना आजार असताना तातडीचं ऑपरेशन: काय, कोणत्या क्रमाने करायचं

रात्री अडीच वाजता भूलतज्ज्ञ विचारतात, "रक्त पातळ करायची गोळी घेता का? शेवटची कधी घेतली?" आणि आपण सांगतो, "सगळं फाइलमध्ये आहे." फाइल चांगली जाडजूड असते, आत अकरा वर्षांचे रिपोर्ट, तारखांचा क्रम नाही. शिवाय त्या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये मुळात नसतंच. गोळी लिहून दिली होती एवढं फाइल सांगते. काल रात्री ती पोटात गेली की नाही, हे फक्त तुम्हाला माहीत असतं.

ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या तयारीला आठवडे मिळतात, तातडीच्या ऑपरेशनला तास-दोन तास, कधी तेवढेही नाही. माझ्या छातीत पेसमेकर आहे आणि जोडीला मधुमेह. आतडं अडकल्यामुळे मला एकदा असं धावतपळत आत जावं लागलं. तेव्हा झालेल्या आणि नंतर इतरांच्या बाबतीत पाहिलेल्या चुका डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. कुठलं औषध थांबवायचं, कुठलं द्यायचं हे डॉक्टरच ठरवणार. त्यांना ते झटकन ठरवता यावं, एवढी तयारी आपली.

१. आज करायचं काम: एक पान

एकच पान, एकच बाजू, मोठी अक्षरं. वरून खाली हा क्रम ठेवा:

पहिल्या ओळीत शरीरात काय बसवलंय ते. "पेसमेकर आहे" एवढ्यावर थांबू नका. "डाव्या कॉलरबोनखाली पेसमेकर, कंपनी, मॉडेल, बसवल्याची तारीख, शेवटची तपासणी कधी, हृदयाचे ठोके पेसमेकरवर पूर्ण अवलंबून आहेत का" असं लिहा. स्टेंट असेल तर कोणत्या महिन्यात टाकला ते. झडप असेल तर धातूची की प्राण्याच्या ऊतीची. मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी शंट, मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, बॅक्लोफेनचा (स्नायूंचा कडकपणा कमी करणाऱ्या औषधाचा) पंप, बदललेला गुडघा किंवा खुबा, हाडातली पट्टी किंवा सळी, सगळं लिहायचं. मोतीबिंदूची लेन्स लिहायची राहिली तर फार बिघडत नाही, क्लिप लिहायची राहिली तर बिघडतं.

त्याखाली आजार. मग अ‍ॅलर्जी, आणि तेव्हा नेमकं काय झालं होतं तेही. अंगावर पुरळ येणं वेगळं, श्वास अडकणं वेगळं. मागे भूल देताना काही त्रास झाला असेल तर तोही इथेच.

शेवटी औषधं: नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून कधी. ब्रँडचं नाव बदलत राहतं, म्हणून औषधाचं मूळ नाव लिहा. ते स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. या यादीपुढे एक रकाना कोरा सोडायचा, "शेवटचा डोस" असं वर लिहून. तो त्या रात्री पेनने भरायचा.

इम्प्लांटचं कार्ड या पानाला जोडून ठेवा. पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण फोन लॉक असतो. बहुतेक स्मार्टफोनमध्ये लॉक न उघडता दिसणारी आपत्कालीन माहिती भरायची सोय असते. तिथे निदान इम्प्लांट आणि रक्त पातळ करणारं औषध ही दोन नावं टाका.

पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी असेल, तर पुढच्या तपासणीला तंत्रज्ञाला हे विचारून घ्या: माझ्या यंत्रावर चुंबक ठेवलं तर नेमकं काय होतं? यंत्र बंद पडलं तर माझे स्वतःचे ठोके किती? एमआरआय चालेल का? बॅटरी किती उरली आहे? उत्तरं पानावर चढवा.

तपासा: घरातल्या एकाला पान मोठ्याने वाचायला लावा. जिथे तो अडखळेल, तिथे डॉक्टरही अडखळतील.

२. दुखायला लागल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत

खाणंपिणं थांबवा. ठरलेल्या ऑपरेशनला साधारण ६ तास आधी जेवण आणि २ तास आधी साधं पाणी बंद करतात. पण पोट जोरात दुखत असलं की जठर पुढे सरकवायचंच थांबतं, त्यामुळे आठ तासांपूर्वीचं जेवणही तसंच पडून असू शकतं. शेवटचं कधी आणि काय खाल्लं, ते लक्षात ठेवा. मधुमेह किंवा वजनासाठी सेमाग्लुटाइड किंवा लिराग्लुटाइडची इंजेक्शनं घेत असाल तर ते नक्की सांगा. या औषधांनी पोट उशिरा रिकामं होतं, आणि भूल देताना ते अन्न फुफ्फुसात जाण्याची भीती असते.

याला एक अपवाद. शुगर ७०च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायचीच. किती वाजता घेतली ते सांगायचं, बस. उपाशी राहायला सांगितलंय म्हणून शुगर उतरलेल्या अवस्थेत तसंच पडून राहणं धोक्याचं आहे.

दुखतंय म्हणून घरातली कुठलीही गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी आधीच नाजूक असलेली किडनी आणखी दबते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्राव वाढतो.

सावधान: इथे दोन उलट चुका होतात. एक जण "ऑपरेशन होणार" म्हणून सगळी औषधं स्वतःच बंद करतो. दुसरा "नियमित घ्यायला सांगितलंय" म्हणून निघता निघता रक्त पातळ करायची गोळीही घेतो. डोसची वेळ झाली असेल तर फोनवर किंवा दारात विचारा, मग ठरवा.

पिशवीत काय: ते पान, कार्ड, औषधांच्या मूळ स्ट्रिप्स, इन्हेलर, झोपेत वापरायचं सीपॅप मशीन, इन्सुलिन पंपाचं सामान, चेतातंतूंना उत्तेजन देणारं यंत्र असेल तर त्याचा रिमोट आणि चार्जर, चष्मा, श्रवणयंत्राची डबी. मोठी फाइल घरीच राहू द्या. कोणी सवडीने आणली तरी चालते.

३. दारातली पहिली तीन वाक्यं

दुखत असलं की आपण दुखण्याबद्दलच बोलतो. पण ते तर त्यांना दिसतच असतं. न दिसणारं आधी सांगायचं:

"डाव्या छातीत पेसमेकर आहे. अ‍ॅपिक्साबॅन चालू आहे, शेवटची गोळी काल रात्री नऊला. मधुमेह टाइप २, गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन."

तीन वाक्यं झाली, की मग दुखणं.

"हार्टचं ऑपरेशन झालंय" असं मोघम सांगू नका. बायपास, झडप, स्टेंट, पेसमेकर या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारींची काळजीही वेगळी. "शुगर आहे" हेही अर्धवटच. टाइप १ असेल तर इन्सुलिन काही तास पूर्ण बंद राहिलं तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून टाइप सांगा.

डायलिसिससाठी हातात फिस्टुला (शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) असेल तर तो हात कोणी धरायच्या आधीच सांगा: या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, सलाईन नाही. मनगटावर पेनने लिहिलं तरी चालेल. मी एकांच्या हातावर ठळक काळ्या मार्करने "नाही" लिहिलेलं पाहिलंय, आणि ते कामाला आलं होतं.

हेच सगळं सिस्टरना, सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना वेगवेगळं सांगावं लागेल. वैतागू नका. एकाला सांगितलं म्हणजे पुढच्याला कळलं, असं होत नाही.

४. औषधं: यादीपेक्षा वेळ महत्त्वाची

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर.

रक्त पातळ करणारी औषधं. वॉर्फरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासतात. ऑपरेशन थांबण्यासारखं नसेल तर व्हिटॅमिन के देतात, पण त्याचा परिणाम व्हायला काही तास लागतात. आणखी घाई असेल तर प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, म्हणजे रक्त गोठवणारे घटक, देतात, ते काही मिनिटांत काम करतं. अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन यांना आयएनआर पुरेसा नसतो. शेवटच्या डोसची वेळ आणि किडनीचं काम यांवरूनच बरंचसं ठरतं. डॅबिगॅट्रानवर इडारुसिझुमॅब हा नेमका उतारा आहे. म्हणून "ती गुलाबी गोळी" असं न सांगता नाव सांगा. नाव चुकलं तर उताराही चुकतो.

क्लोपिडोग्रेलचा परिणाम पाच-सात दिवस राहतो, अ‍ॅस्पिरिनचाही आठवडाभर, कारण बिघडलेली प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणारी पेशी) सुधारत नाही, नवी तयार व्हावी लागते. तेव्हा "आज सकाळी घेतली नाही" या उत्तराने फार फरक पडत नाही. क्लोपिडोग्रेल किंवा वर सांगितलेल्या गोळ्यांचा परिणाम अंगात असेल तर मणक्यातून भूल द्यायला डॉक्टर कचरतात, कारण सुईच्या जागी रक्त साचलं तर पाठीच्या कण्यातल्या नसा दबतात. मणक्याऐवजी पूर्ण भूल देतो म्हणाले तर त्यामागे बहुतेक हेच कारण असतं.

स्टेंट टाकून सहा महिने झाले नसतील तर हे दोनदा सांगा. गोळ्या अचानक थांबल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ यांचं आपसात बोलणं व्हायला हवं, फोनवर का होईना.

स्टेरॉइड. दमा, संधिवात, त्वचा किंवा आतड्याच्या आजारासाठी रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ चालू असेल, तर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल (ताण झेलायला लागणारं संप्रेरक) तयार करायची ताकद मंदावलेली असू शकते. ऑपरेशनचा ताण आला की बीपी कोसळतं. त्यावर भूल देतानाच हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून देतात, मोठ्यांना साधारण १०० मिलिग्रॅम. उपाय सोपा आहे, पण कोणी सांगितलंच नाही तर कोणी देणारही नाही. "ती तर छोटीशी गोळी आहे" म्हणून हीच सांगायची राहते.

शुगरच्या गोळ्या. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करतात. तातडीच्या वेळी तेवढा अवधी नसतो. या गोळ्यांमुळे शुगर जवळजवळ नॉर्मल असतानाही रक्तात कीटोन वाढून आम्ल साचू शकतं. शुगरचा आकडा चांगला दिसतो आणि माणूस मात्र बिघडत जातो. तेव्हा या गोळीचं नाव घेऊन "कीटोन तपासणार का?" असं सरळ विचारा. यात उद्धटपणा काही नाही.

फिटची आणि पार्किन्सनची औषधं चुकवायची नसतात. तोंडाने देता येत नसेल तर फिटच्या काही औषधांची इंजेक्शनं मिळतात. पार्किन्सन असेल तर उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नका म्हणून आठवण करा, त्याने कडकपणा वाढतो.

झाडपाल्याची औषधं आणि पूरक गोळ्याही सांगा, लसणाच्या कॅप्सूलसकट.

तपासा: "शेवटचा डोस" हा रकाना भरला का? प्रत्येक औषधापुढे वार आणि वेळ हवी.

५. स्कॅनला नेण्याआधी

सीटी स्कॅनला बहुतेक इम्प्लांट चालतात. एमआरआयला "धातू आहे" एवढ्यावर हो किंवा नाही ठरत नाही. इम्प्लांटचे तीन गट असतात: सुरक्षित, काही अटींवर चालणारे आणि अजिबात न चालणारे. पेसमेकरच्या बाबतीत यंत्र चालणारं असलं तरी हृदयापर्यंत जाणाऱ्या त्याच्या तारा जुन्या असू शकतात, म्हणून दोन्हींची मॉडेल लागतात. कार्ड हरवलं असेल तर छातीच्या एक्स-रेत यंत्रावरची खूण दिसते, त्यावरून कंपनी ओळखता येते. बाहेरून कमी-जास्त करता येणारी झडप असलेल्या मेंदूच्या शंटची सेटिंग एमआरआयने बदलू शकते, म्हणून नंतर ती तपासून घ्यावी लागते. इन्सुलिन पंप एमआरआयच्या खोलीत नेत नाहीत, दंडावरचा ग्लुकोज सेन्सर चालतो की काढायचा ते विचारा. पंप काढला तर इन्सुलिन दुसऱ्या मार्गाने कधी सुरू होणार, ते त्याच वेळी विचारा.

६. भूलतज्ज्ञांशी बोलणं: यंत्राचं काय करणार?

सर्जन कापलेल्या जागेचा रक्तस्राव थांबवायला कॉटरी वापरतात, म्हणजे विजेने जाळतात. ही वीज पेसमेकरला हृदयाच्या ठोक्यासारखी भासू शकते. "ठोका पडतोय" असं समजून तो स्वतः ठोका द्यायचा थांबतो. आयसीडीला तीच वीज धोकादायक लय वाटू शकते आणि ती विनाकारण शॉक देते. ऑपरेशन बेंबीच्या वर असेल तर हा धोका जास्त.

माझ्या वेळी भूलतज्ज्ञांनी एक जाड गोल चुंबक दाखवलं, मधे भोक असलेलं, कड्यासारखं. "हे छातीवर चिकटपट्टीने लावून ठेवता येतं," ते म्हणाले, "पण तुमचं पोट उघडायचंय, वेळ लागणार. त्यापेक्षा सेटिंग बदलूनच घेऊ." तोपर्यंत चुंबक म्हणजे यंत्र बंद करायचं बटण, अशीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेक पेसमेकरवर चुंबक ठेवलं की तो बंद पडत नाही, उलट ठरावीक वेगाने ठोके देत राहतो, हृदयाकडून येणाऱ्या खुणा न पाहता. आयसीडीवर ठेवलं तर फक्त शॉक देणं थांबतं, ठोके देण्याची पद्धत बदलत नाही. म्हणजे ज्याला आयसीडी आहे आणि ठोक्यांसाठीही तो त्यावरच अवलंबून आहे, त्याला एकट्या चुंबकाचा पूर्ण उपयोग नाही. हृदयाच्या आतच बसणाऱ्या, तारा नसलेल्या पेसमेकरपैकी काहींना तर चुंबक कळतच नाही. म्हणून पहिल्या टप्प्यातले ते प्रश्न.

भूलतज्ज्ञांना हे विचारा:

चुंबक लावणार की सेटिंग बदलणार? बायपोलर कॉटरी चालेल का? तिच्यात वीज चिमट्याच्या दोन टोकांमध्येच फिरते. साधी कॉटरी लागणार असेल तर तिची चिकट प्लेट कुठे लावणार? विजेचा रस्ता यंत्रावरून जाऊ नये आणि बदललेल्या खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या धातूवरही ती प्लेट नको. आणि आयसीडी बंद केली तर शॉकचं बाहेरचं मशीन शेजारी तयार असेल ना?

खुबा बदललेला असेल तर भुलेत पाय कुठल्या कोनात ठेवू नये, तेही आताच सांगा. झोपेत सांधा निखळला तरी तुम्हाला ओरडता येणार नाही. पोटात शंटची नळी असेल आणि आतडं फुटलेलं असेल, तर मेंदूच्या सर्जनला कळवायला हवं, कारण जंतू नळीतून वर जाऊ शकतात. बॅक्लोफेनचा पंप बंद पडू देऊ नका. औषध अचानक थांबलं तर ताप आणि भयंकर आकड्या येतात.

सावधान: संमतीपत्रावर सही करताना त्यात तुमचं इम्प्लांट लिहिलंय का, ते पाहा. नसेल तर लिहून घ्या.

७. बाहेर बसणाऱ्याचं काम

तुम्ही आत गेलात की बोलणारा एकच माणूस ठेवा. चार जण चार माहित्या देतात. त्याच्याकडे पानाची प्रत, यंत्राचा रिमोट, दातांची कवळी आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर. श्रवणयंत्र मात्र भूल देईपर्यंत कानात राहू द्या म्हणून विनंती करा, नाहीतर शेवटचे प्रश्न ऐकूच येत नाहीत.

८. शुद्धीवर आल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या छातीत मधूनच धडधड व्हायची. जणू दोन जण एकाच ढोलावर वेगवेगळा ठेका धरताहेत. सगळ्यांना वाटलं, ऑपरेशनचा ताण. मी विचारलं, "पेसमेकरची सेटिंग परत केली का?" रात्रपाळी बदलली होती, नव्या डॉक्टरांना सेटिंग बदलल्याचंच माहीत नव्हतं. तंत्रज्ञ दुपारी आला, लॅपटॉपसारखं मशीन उघडलं, पाच मिनिटांत काम झालं. माझे स्वतःचे ठोके आणि यंत्राचे ठोके तोपर्यंत आपापसात भांडत होते.

तेव्हा बोलता यायला लागलं की पहिला प्रश्न हाच: ऑपरेशनसाठी जे जे बंद केलं किंवा बदललं, ते परत कधी चालू होणार? आयसीडीचा शॉक परत चालू झाल्याशिवाय मॉनिटर काढू देऊ नका. इतका हट्ट चालतो.

हाच प्रश्न औषधांनाही लागू. धातूची झडप असेल तर रक्त पातळ करणारं औषध फार काळ बंद ठेवता येत नाही. सर्जनने परवानगी दिली की हेपारिन (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) सुरू करतात आणि आयएनआर पुन्हा जागेवर येईपर्यंत चालू ठेवतात. शुगर साधारण १०० ते १८०च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. त्यामुळे घरच्यापेक्षा आकडा थोडा वर दिसला म्हणून स्वतःच्या पेनने इन्सुलिन टोचून घेऊ नका. सीपॅप मशीन आणलं असेल तर पहिल्या रात्रीपासून लावा. दुखण्यावरच्या तीव्र औषधांनी श्वास मंदावतो.

९. डिस्चार्ज घेताना

डिस्चार्ज कार्डवर औषधांची नवी यादी असते. ती जुन्या पानाशेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. जे औषध जुन्यात आहे आणि नव्यात नाही, त्याबद्दल विचारा: मुद्दाम बंद केलं की लिहायचं राहिलं? अनेकदा लिहायचं राहिलेलं असतं. परत सुरू करायचं असेल तर तारीख लिहून घ्या. "काही दिवसांनी" असं कार्डवर असेल तर ते अपुरं आहे.

यंत्राची तपासणी झाल्याची नोंद आणि पुढची तारीख मागा. इम्प्लांटच्या जागी लाली, सूज, गरमपणा, किंवा बदललेल्या सांध्यात नव्याने दुखणं आणि ताप, हे काही आठवड्यांनी दिसलं तरी "ऑपरेशन तर पोटाचं होतं" म्हणून सोडून देऊ नका. पोटातले जंतू रक्तातून धातूपर्यंत पोचू शकतात. घरी आल्यावर चक्कर, धडधड किंवा शॉक बसल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दाखवा.

मग पहिल्या टप्प्यातलं पान काढा आणि त्यात ओळ वाढवा: कुठलं ऑपरेशन, तारीख, कोणती भूल, श्वासाची नळी घालताना अडचण आली का, काही नवीन बसवलं का. टाके घालताना टाकलेली जाळी हेही इम्प्लांटच. "शेवटचा डोस" हा रकाना पुन्हा कोरा करून नवी प्रत पाकिटात ठेवा.